स्थानिक इसम

“आजवर किती जणांना वाचवलंत?” मुख्याधिकारी साहेबांनी विचारलं.

“एकालाबी नाय,” काकड्या म्हणाला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. सागतळी नगरपंचायतीच्या नव्या जलतरण तलावासाठी जीवरक्षकाच्या दोन जागा होत्या आणि सकाळपासून अकरा उमेदवार येऊन गेले होते. त्यातल्या प्रत्येकानं किमान चार जीव वाचवलेले होते. एकानं तर पुरात म्हैस वाचवल्याचा फोटो जोडला होता. फोटोत म्हैसच त्याला वाचवत असल्यासारखी दिसत होती, पण फोटो होता. खरं बोलणाऱ्या उमेदवाराची सोय मात्र अर्जाच्या नमुन्यात केलेली नव्हती.

“मग अर्ज कशासाठी केलात, वरठा?”

“काढलेत ना पाण्यातून. त्रेचाळीस काढलेत.”

“अहो, मग ते वाचवणंच झालं की.”

“नाय साहेब. माझ्या दाराशी जीप येते तवा वाचवायचं काय राहिलेलं नसते.”

साहेब वयानं लहान होते. स्पर्धा परीक्षा देऊन नुकतेच आले होते आणि अजून लोकांचं ऐकून घेत होते. ही सवय पुढे सुटते. तूर्त होती, म्हणून त्यांनी समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं.

काकड्या वरठा, वय चोपन्न, राहणार डोंगरपाडा. दीड एकर वरकस जमीन, त्यात भात आणि नागली, उरलेले महिने डहाणूकडच्या चिकूवाड्यांत मजुरी. ही कागदावरची ओळख. खरी ओळख डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतल्या पोलीस पाटलांना पाठ होती. कुठे धरणात, कुठे नदीच्या डोहात, कुठे दगडाच्या बंद खाणीत साचलेल्या पाण्यात कोणी बुडालं, की डोंगरपाड्यावर जीप यायची आणि काकड्याला घेऊन जायची. चिंचणी-चिखल्याच्या किनाऱ्याला तो सहसा जात नसे. त्याचं म्हणणं, समुद्र नेलेलं माणूस आपल्या पायानं परत आणून देतो. गोडं पाणी देत नाही, त्याच्याकडे मागावं लागतं.

मागायची त्याची रीत ठरलेली होती. काठावर पोचलं की तो आधी चपला पाहायचा. कुठल्या जागी आहेत, त्यांचं तोंड कुणीकडे आहे. मग घरच्या माणसाला विचारायचा, “नाव काय?” सुरुवातीला एकदा त्यानं नाव न विचारताच बुडी मारली होती आणि दोन दिवस हाती काही लागलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या माणसाची म्हातारी आई काठावरून म्हणाली, “अरे, नाव घेऊन हाक तरी मार. त्याला काय ठावं तू कोन तो!” काकड्यानं तळाशी जाऊन हाक मारली आणि पहिल्याच बुडीत त्याचा हात मनगटावर पडला. तेव्हापासून तो नाव घेऊनच उतरायचा. खाली गाळात दिसत काहीच नाही, हात हेच डोळे. हातांनी चाचपायचं आणि तोंडातले बुडबुडे सोडत म्हणायचं, अमक्या, चल घरी. सव्वीस वर्षांत त्यानं त्रेचाळीस नावांनी हाका मारल्या. त्यातल्या एकानंही ओ दिली नव्हती. ती अपेक्षाही नव्हती.

काकड्यानं पिशवीतून वर्तमानपत्रांची कात्रणं काढून टेबलावर ठेवली. त्याच्या बायकोनं, जमनानं, ती तांदळाच्या कणगीमागे जपली होती. साहेबांनी एकेक वाचलं. सगळीकडे एकच वाक्य होतं : एका स्थानिक इसमाच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला.

“यात तुमचं नाव कुठे आहे?”

“तो इसम मीच.”

“ते मला पटतंय हो. पण फाइलला कसं पटवू?”

काकड्याकडे एवढंच होतं. दहावी पास नव्हती, जीवरक्षकाचं प्रमाणपत्र नव्हतं, आणि अनुभव होता तो सगळा दुसऱ्याच्या, म्हणजे इसमाच्या नावावर होता. त्यानं कात्रणं गोळा केली. उठताना मात्र एक वाक्य बोलला. ते तो घरून ठरवून आला होता.

“साहेब, सगळा जलम मी नंतर गेलो. मला एकदा आधी बसायचं होतं.”

साहेबांनी ते वाक्य टिपून घेतलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता. पण विसरलेही नाहीत.

*

ज्या जागेसाठी हे चाललं होतं, ते ‘सार्वजनिक उद्यान, क्रीडा व जलक्रीडा संकुल’ सहा वर्षं पाटीच्या स्वरूपात उभं होतं. पाटीवर चित्र होतं. चित्रात पिवळ्या केसांची एक बाई पांढरं कुत्रं घेऊन धावत होती. गावात त्या रंगाचे केस कोणाचेच नव्हते आणि त्या रंगाचं कुत्रं फार दिवस त्या रंगाचं राहिलं नसतं. पण लोक येता-जाता पाटी बघायचे आणि बाईला ओळखू लागले होते.

मग एकदाचं संकुल झालं. चारशे मीटरचा गोल चालण्याचा मार्ग झाला. डोंगरपाड्यातल्या बाया रोज आठ किलोमीटर चालून कामाला जात; चालत राहायचं आणि कुठेच पोचायचं नाही, ही कल्पना त्यांना नवी होती. लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन त्या कुंपणापाशी थांबत आणि आत बँकेचे मॅनेजर लोखंडी वजनं उचलून पुन्हा होती तिथेच ठेवताना बघत. स्केटिंगसाठी गुळगुळीत गोल मैदान झालं. उद्घाटन लांबल्यामुळे त्यावर दोन वर्षं भात झोडलं गेलं आणि जागा त्या कामाला उत्तम असल्याचा निर्वाळा सर्वांनी दिला. डोंगरपाड्याची जुनी पायवाट या सगळ्याच्या मधून जात होती. ठेकेदारानं तिच्यावर भिंत घातली. पायवाटेनं पंधरा दिवसांत भिंतीला चिंचेच्या झाडाशी एक खिंडार पाडलं आणि ती पूर्ववत चालू झाली.

आणि जलतरण तलाव झाला. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला सहा. निळी फरशी. तळ दिसणारं एवढं पाणी काकड्यानं आयुष्यात प्रथमच पाहिलं. असल्या पाण्यात कोणी बुडेल कसं, हेच त्याला कळेना.

जीवरक्षक म्हणून दोघांची निवड झाली. एक रुजूच झाला नाही. दुसरा सुरज नावाचा विरारकडचा तरणा मुलगा, प्रमाणपत्रवाला, शिट्टीवाला, कामाला चोख. काकड्याचा विषय साहेबांनी बैठकीत काढला, तेव्हा एक नगरसेवक खुर्चीतून अर्धे उठले.

“साहेब, हा जीपमधून उतरला की बायका छाती बडवायला लागतात. तुम्ही त्याला रोज काठावर बसवणार? पोरं पोहायला येतील का पळून जातील? यमाला पगार देऊन ठेवला म्हणतील लोक!”

सभेला हसू आलं. साहेबांनाही आलं, पण त्यांनी ते चहात बुडवलं. शेवटी स्थानिकांना रोजगार या रकान्यात काहीतरी भरायचं होतं, म्हणून काकड्याला चप्पल स्टँडवर घेतलं. अट एकच. पाण्याजवळ जायचं नाही. स्टँडही असं मांडलं, की बसणाऱ्याची पाठ पाण्याकडे आणि तोंड दाराकडे.

“बस झालं की,” जमना म्हणाली. “पाण्याच्या आधी चपलाच येतात. तू आधीच बसलास.”

काकड्याला ते पटलं. त्यानं निळा गणवेश घातला आणि पाण्याकडे पाठ करून बसला. पंधरा दिवसांत त्याला मागे न बघता कळू लागलं, की कोण हात मारतंय, कोण नुसतं डुंबतंय आणि कोणाच्या नाकात पाणी गेलंय.

*

संकुलाच्या दाराशी नियमांची पाटी होती. नियम सतरा. सहावा नियम : पादत्राणे जमा करून टोकन घ्यावे. सातवा : टोकन दाखवल्याशिवाय पाण्यात प्रवेश मिळणार नाही. तिकीट खिडकीवर दक्षाबेन बसत. त्यांचं माहेर वापीचं, सासर डहाणूचं, आणि नियमांवर श्रद्धा दोन्हीकडची.

बुधवारी संध्याकाळी पाड्यांतल्या मुलांना पोहणं मोफत होतं. पहिल्या बुधवारी सव्वीस मुलं आली. सगळी अनवाणी.

“आता टोकन कशाचं देऊ?” दक्षाबेननी विचारलं. “चप्पल नाय तर टोकन नाय, काकडभाई. टोकन नाय तर आत नाय.”

“पन बेन, चपला काढून ठेवायच्या म्हनून नियम हाय ना? यांनी घरीच काढून ठेवल्यात.”

दक्षाबेन विचारात पडल्या. युक्तिवादात खोट नव्हती, पण रजिस्टरमध्ये ‘जोड’ असा रकाना होता. मुलं परत गेली.

पुढच्या बुधवारी एकतीस मुलं चपला घालून आली. कोणी थोरल्या भावाच्या, कोणी बापाच्या, कोणी आईच्या. एकजण आजोबांच्या गमबुटांत आला होता आणि जिना उतरावा तसा रस्त्यावरून चालत होता. सगळ्यांनी चपला रीतसर जमा केल्या, टोकनं घेतली आणि पाण्यात उड्या टाकल्या. नियमाचा विजय झाला.

काकड्या प्रत्येकाला नाव विचारू लागला. तिसऱ्याच नावाला दक्षाबेन खिडकीतून ओरडल्या, “अरे काकडभाई, लाइन बघा केवढी! नाव काय करायचंय? नुसता नंबर द्या ने!”

तेव्हापासून तो नुसता नंबर देऊ लागला. पण त्याला ते बरं वाटत नसे.

उन्हाळा चढला तसं पाणी हिरवं होऊ लागलं. गाळणीचा पंप बिघडला होता आणि पाण्यात टाकायच्या औषधाची फाइल मंजुरीला गेली होती. सुरजनं दोनदा लेखी कळवलं. आधी पायऱ्या दिसेनाशा झाल्या, मग फरशीवरच्या रेघा. वरून उत्तर आलं, की सुट्टीत तलाव बंद ठेवल्यास जनक्षोभ होईल, सबब चालू ठेवावा. काकड्यानं एक दिवस मान वळवून पाहिलं. तळ नाहीसा झाला होता. हे पाणी त्याच्या ओळखीचं होतं.

*

तो बुधवार मे महिन्यातला. सहा वाजता वीज गेली. साडेसहाला सुरजनं शिट्टी मारली, मुलं बाहेर आली, केस झटकत, एकमेकांना ढकलत. सुरजला डहाणू रोडची शेवटची जीप गाठायची होती. त्यानं पाण्याकडे एकदा नजर टाकली, काकड्याला हात केला आणि तो गेला. मुलं टोकनं देऊन चपला घेऊन गेली. सात वाजता काकड्या फडकं घेऊन रॅक पुसायला उठला आणि थांबला.

सत्तावीस नंबरच्या खणात एक जोड होता. बायकी, हिरवा, उजव्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. दोन्ही चपला शेजारी शेजारी, नीट.

काकड्या त्यांच्याकडे बघत राहिला. अशा चपला त्यानं त्रेचाळीस वेळा पाहिल्या होत्या. काठावरच्या चपला कधी वाकड्यातिकड्या नसतात. माणूस त्या नीटच ठेवतो, कारण तो परत येणार असतो.

“बेन, सत्तावीस कोन?”

दक्षाबेन कुलूप शोधत होत्या. “कोण म्हणजे? सत्तावीस म्हणजे सत्तावीस. टोकन नाय आलं?”

“नाय.”

“घेऊन गेलं असेल कोणी. पोरं आहेत.”

“चपला ठिवून?”

दक्षाबेन कुलूप घेऊन बाहेर आल्या. रॅक पाहिलं. हिरवं पाणी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सुरजला फोन लावला आणि काकड्याच्या हातात दिला. पलीकडे जीपचा आवाज होता.

“सुरज, सगळी बाहेर आली?”

“आली ना काका. पाण्यात कोणी दिसत नव्हतं.”

“दिसत नव्हतं का नव्हतं?”

पलीकडे सुरजनं ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली. मग सुरज म्हणाला, “मी उतरतो काका. परत येतो.”

“नाव काय बेन?” काकड्यानं फोन परत देत विचारलं.

“नाव कुठे लिहतो आपण...” दक्षाबेनचा आवाज फुटला. मुलगा की मुलगी, तेही सांगता येणार नव्हतं. चपला आईच्या असणार, आणि आईच्या चपला कोणीही घालून येतं.

आजवर काकड्या पाण्यात शिरायचा तेव्हा घाई नसायची. विडी ओढून, अंगाला तेल चोळून, नाव नीट ऐकून घेऊन तो उतरायचा. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं आणि काठावरच्या रडण्यालाही एक संथ लय आलेली असायची. आज घाई होती. कदाचित अजून काही संपलेलं नव्हतं. सव्वीस वर्षं पाण्याला न घाबरलेला माणूस पहिल्यांदा घाबरला, आणि गणवेशासकट त्यानं सहा फुटांच्या टोकाला उडी टाकली.

खाली गेल्यावर त्यानं सवयीनं डोळे मिटले. हात पसरले. गाळ नाही, गोटे नाहीत, मुळं नाहीत, नुसती शेवाळलेली फरशी. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एक पट्टा झाला की दुसरा. हाताला एक कंगवा लागला. एक केसांचं रबर. मग पुन्हा फरशी. हाक मारायला नाव नव्हतं. सत्तावीस म्हणून बघितलं, पण तोंडातून नुसते बुडबुडे गेले आणि त्याला स्वतःलाच ती हाक खोटी वाटली. मग त्यानं नावाशिवायच म्हटलं, चल घरी. चल, चल घरी.

सहा फुटांकडून साडेतीन फुटांपर्यंत त्यानं तळ पालथा घातला. वर येऊन छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा उलट दिशेनं. मग आडवा. कोपरे, पायऱ्यांच्या मागची सांदी, पाणी जायची जाळी. काठावर दक्षाबेन डोळे मिटून गुजरातीत देवाला काहीतरी कबूल करत होत्या. उजेड पार मावळत आला होता.

तिसऱ्यांदा तो वर आला आणि काठाला धरून उभा राहिला.

“मळ्युं? सापडलं?” दक्षाबेननी डोळे न उघडता विचारलं.

“नाय.”

“नाय म्हणजे?”

“नाय म्हंजे नाय. आत कोन नाय.”

त्यानं आपले दोन्ही हात पाण्याबाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले. पांढरे पडलेले, सुरकुतलेले, रिकामे. आणि तो हसला. ओल्या अंगानं काकड्या हसतोय, हे दृश्य दोन्ही तालुक्यांत आजवर कोणी पाहिलं नव्हतं. दक्षाबेननी डोळे उघडले, त्याला पाहिलं आणि त्या मटकन खालीच बसून रडू लागल्या.

घामाघूम होऊन परत आलेल्या सुरजला त्यांनी दोन शिव्या घातल्या आणि बाटलीतलं पाणी पाजलं.

डोंगरपाड्यावर जमनानं नवऱ्याला लांबूनच पाहिलं. ओले कपडे, निथळते केस. अशा दिवशी तो आंघोळ केल्याशिवाय घरात येत नसे. तिनं अंगणात पाण्याचा हंडा आणून ठेवला.

“कोनाचा?” तिनं विचारलं.

“कोनाचाच नाय.”

जमना हंड्याला हात लावून तशीच उभी राहिली. हे उत्तर तिच्या संसारात नवीन होतं.

“मंग ह्या पाण्याचं काय करू?”

“भात शिजव त्यात,” काकड्या म्हणाला आणि ओल्या अंगानं घरात गेला.

*

संकुलात सात कॅमेरे होते. सहा बंद होते. सातवा बॅटरीवर चालत होता; त्यात गणवेशातला माणूस पोहण्याची टोपी न घालता, आधी शॉवर न घेता पाण्यात उडी मारताना स्पष्ट दिसत होता. ते चित्र सकाळी आठ वाजता गावातल्या सगळ्या फोनवर होतं आणि नऊपर्यंत त्याला बातमी जोडली गेली होती. काकड्या तलावात उतरला, म्हणजे तलावात कोणीतरी गेलं. कोण गेलं, याबद्दल तीन नावं सांगितली जात होती. त्यातले दोघं ती बातमी स्वतःच पुढे पाठवत होते. दहा वाजता सभासदांचं शिष्टमंडळ आलं. ज्या पाण्यात तो मुडदे काढणारा उतरला, त्या पाण्यात आमची मुलं उतरणार नाहीत, पाणी बदला. दोन महिने हिरव्या पाण्याला कोणाची हरकत नव्हती. औषधाची फाइल साडेअकराला मंजूर झाली, पंपाचा माणूस बारा वाजता आला आणि तलावाचं पाणी सोडायला सुरुवात झाली.

साहेबांनी काकड्याला बोलावलं.

“वरठा, किती जणांना काढलंत काल?”

“कोनालाच नाय.”

“मग उतरलात कशाला?”

“कोन नाय, ते बघायला.”

साहेबांसमोर चौकशीचा कागद होता. पाण्याजवळ जायचं नाही ही अट लेखी होती. ती मोडली म्हणजे कामावरून कमी करायचं, हेही लेखी होतं. नाव भरायची जागा मोकळी होती. साहेबांनी पेन उचललं आणि मोठ्यानं वाचत लिहिलं : “दिनांक अमुक रोजी सायंकाळी एका स्थानिक इसमाने... विनापरवाना तलावात प्रवेश केला. इसमाचा शोध चालू आहे.”

त्यांनी सही केली. “सापडणार नाही तो,” ते म्हणाले. “आजवर कोणालाच सापडलेला नाही.”

काकड्याला हसावं की नाही, ते कळेना.

“पण स्टँडवर नको आता. लोक ऐकत नाहीत, मी तरी काय करू? उद्यापासून बागेत या. झाडांना पाणी घालायचं. चालेल?”

“चालेल,” काकड्या म्हणाला. विचारलं म्हणजे चालेलच म्हणायचं असतं. दाराशी तो वळला. “साहेब, एक करा. टोकनाच्या वहीत नाव लिवा. नुसता नंबर नको.”

या मागणीला मात्र साहेबांनी कागद काढला.

*

स्टँडवर त्याचं म्हणण्यासारखं काही नव्हतं. पंचा, तंबाखूची डबी, फडकं. मागे तलाव रिकामा होत होता. जाळीतून पाणी घटाघटा जात होतं आणि निळ्या रेघा एकेक करून परत येत होत्या. आज पाण्याकडे पाठ करायचं काही कारण नव्हतं. काकड्यानं स्टूल फिरवलं आणि बसून तो तळ वर येताना बघू लागला.

“बाबा.”

चिंचेच्या खिंडारातून आलेली एक मुलगी रॅकपाशी उभी होती. आठ-नऊ वर्षांची, अनवाणी. मुठीत टोकन.

“माझे आयसची चप्पल दे.”

काकड्यानं टोकन घेतलं. सत्तावीस.

“काल का नाय नेली?”

“इसरली.”

“चप्पल कशी इसरतं मानूस?”

मुलीनं आपल्या पायांकडे पाहिलं, जणू त्यांना विचारायला हवं होतं. “रोज कठं घालते? वाटेत काटा मोडला तवा पन याद नाय आली. आयस कामाला निंघाली तवा चप्पल नाय. मंग मारली माला.”

“लय मारली?”

“थोडीच. तिला उशीर झाला होता.”

काकड्यानं हिरवा जोड काढला. सेफ्टी पिन उघडली होती, ती नीट लावली.

“नाव काय तुजं?”

“रुचिका.”

पाड्यावर हल्ली मुलींची नावं अशी असतात. त्यानं चपला तिच्या हातात दिल्या. तिनं त्या पायांत घातल्या नाहीत. दोन्ही छातीशी धरल्या आणि स्केटिंगच्या मैदानावरून, तापलेल्या फरशीवर टाचा उचलत, ती चिंचेकडे पळाली.

काकड्या तिला बघत राहिला. ती खिंडारापाशी पोचली तशी त्यानं हाक मारली. जशी तो खाली मारायचा तशीच, फार मोठ्यानं नाही.

“रुचिका.”

ती थांबली. वळली.

“ओ?”

काम काहीच नव्हतं. काकड्या उठून उभा राहिला होता, तो पुन्हा स्टुलावर बसला.

“काय नाय,” तो म्हणाला. “जा घरी.”